मेटल-प्रोबवर पीएचडी करायला इंग्लंडला निघण्याआधी

तुझा प्रश्न असा, की नाशिकला एम.एस्सी. झाली, पाण्यातले आणि पेशींतले विषारी धातू ओळखणारे फ्लुओरोसंट प्रोब (धातू भेटला की चमकणारे रेणू) बनवणाऱ्या इंग्लंडमधल्या ग्रुपकडून पीएचडीची ऑफर आली आहे, तर जावं का आणि तयारी काय करावी. ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते. याच विषयासाठी मी सात वर्षांपूर्वी नाशिकहून मँचेस्टरला आले.

जा. पण होकार कळवण्याआधी गाईडला दोन गोष्टी विचार: तुमचे प्रोब निव्वळ पाण्यात चालतात का, आणि पेशींचं काम कोण बघतं?

रोडामिन या गुलाबी रंगद्रव्याचे प्रोब तुला माहीत आहेतच. रेणूतली एक रिंग बंद असेपर्यंत रंग नाही, चमक नाही. धातू चिकटला की रिंग उघडते. तांब्यासाठी ही युक्ती झार्निक यांच्या गटाने १९९७ साली दाखवली. पाऱ्यासाठीही असे प्रोब आहेत. क्युवेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, प्रोब घेऊन पाऱ्याच्या द्रावणाचा थेंब सोडला की तिथून गुलाबी धागा खाली उतरत जातो. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मैत्रिणीला हाक मारून बोलावलं होतं. पण त्या क्युवेटमध्ये पाणी थोडं आणि बहुतांश सेंद्रिय द्रावक अ‍ॅसिटोनायट्राइल होतं. गंगापूर धरणाच्या खालून गोदावरीचं पाणी भरून आणलं आणि त्यात तोच प्रोब घातला, तर तो विरघळेचना. नुसतं गढूळ झालं.

आकड्यांकडेही नीट बघ. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साधारण ५ नॅनोमोलर. एखादा प्रोब १ मायक्रोमोलरपेक्षा (म्हणजे १००० नॅनोमोलरपेक्षा) कमी पारा ओळखतच नसेल, तर तो मर्यादेच्या दोनशे पट पारा झाल्यावर बोलणार. पेपर वाचताना हा हिशेब पेन्सिलने समासात करायची सवय लाव.

पेशींच्या बाबतीत मी स्वतः आठ महिने घालवले. हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) प्रोब सोडला, पारा दिला, कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली लाल ठिपके असे उठले की त्या रात्री मला झोप लागली नाही. नंतर पारा न दिलेल्या पेशी बघितल्या. तिथेही तेच ठिपके! लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या आम्लधर्मी पिशव्यांत, पीएच ४.५ ते ५ असतो, आणि रोडामिनची रिंग आम्लानेही उघडते. शिवाय पेशीत मिलिमोलर प्रमाणात ग्लुटाथायोन हा गंधकयुक्त रेणू असतो. त्यातलं गंधक पाऱ्याला आधीच धरून बसतं. ग्रुपमध्ये पेशी समजणारं कोणी असतं, तर हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. रॉजर ट्सिएन यांनी १९८० मध्ये कॅल्शियम धरणारा बाप्टा हा रेणू बनवला, तो पीएचने फारसा हलत नाही आणि मॅग्नेशियमला फसत नाही, म्हणून पेशीत टिकला. तो पेपर जाण्याआधी वाचच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. केमिस्ट्रीच्या संशोधनासाठी आपल्याला अ‍ॅटास क्लिअरन्स, म्हणजे संवेदनशील विषयांवर संशोधन करायची ब्रिटिश सरकारची परवानगी, लागतो. त्याला फी नाही, पण वेळ जातो, म्हणून ऑफर पक्की झाली की लगेच अर्ज कर. टीबीची तपासणी लागते. विद्यार्थ्यांना हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क) वर्षाला ७७६ पौंड आहे, तो सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावा लागतो. विद्यापीठ तो देतं का, हे ईमेलवर लिहून घे.

मधल्या महिन्यांत पाऱ्याला हात लावू नकोस, तांब्याचा प्रोब घे. निफाडला मामांची द्राक्षबाग आहे म्हणालास ना? मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलं की मोरचुदातलं तांबं मातीत उतरतं. फवारणीनंतरच्या पावसात बागेच्या चरातलं पाणी भर, गाळून घे, आणि त्यात मोजून तांबं घालून प्रोबने बघ, घातलं तेवढं परत सापडतं का. लोखंड, जस्त, कॅल्शियमही वेगवेगळं घालून बघ, प्रोब त्यांना फसतो का. आणि नुसत्या प्रोबचा, काहीही न घालता, स्पेक्ट्रम आधी घे. त्याची आणि धातू घातल्यानंतरच्या मोजणीची, दोन्ही फाइली मला पाठव, रविवारी बसून बघू.