एक्सेलची फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये नेताना सूत्रे आणि मराठी मजकूर शाबूत कसा ठेवावा?

आपण फाइल सीएसव्ही स्वरूपात जतन करून कॅल्कमध्ये उघडली, तेव्हा सूत्रे नाहीशी झाली आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, असे आपण लिहिले आहे. मुळात येथे सीएसव्हीची गरजच नव्हती. कॅल्कमध्ये एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची नेहमीची फाइल, थेट उघडते. ती ‘सेव्ह अ‍ॅज’मधून ओडीएस या कॅल्कच्या स्वतःच्या स्वरूपात जतन केली, की सूत्रे, सर्व शीट्स आणि बहुतेक सजावट टिकून राहते. व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमधील कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) मात्र सगळे चालतीलच असे नाही, म्हणून मूळ फाइल इतक्यात पुसू नये.

सीएसव्ही म्हणजे निव्वळ साधा मजकूर: तिच्यात एकच शीट मावते आणि सूत्राऐवजी त्याचे उत्तर तेवढे उतरते. तरीही तीच हवी असेल, तर एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा (यूटीएफ-८ म्हणजे मराठीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत), आणि कॅल्कमध्ये उघडताना समोर येणाऱ्या खिडकीत कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ ठेवून, ज्या स्तंभात ००४५२ यासारखे क्रमांक आहेत त्या स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा. नाही तर सुरुवातीची शून्ये गळून नुसते ४५२ उरते, आणि ही चूक बहुधा फार उशिरा ध्यानात येते. जुने एक्सएलएस स्वरूपही टाळावे, कारण त्यात ६५,५३६ ओळींपलीकडचे काही मावत नाही.

एका फाइलमधून दुसरीत चिकटवलेल्या तारखा नेमक्या १,४६२ दिवसांनी सरकल्या, तर एकीची दिनगणना १९०० पासून आणि दुसरीची १९०४ पासून आहे, असे समजावे.