वाचक विचारतात : हलका लॅपटॉप घेतला तर रॅम वाढवता येत नाही, असं का?

प्रश्न : मुलगी सांगलीला इंजिनिअरिंगला आहे, तासगावहून रोज एसटीने येऊन-जाऊन करते. जुना लॅपटॉप अडीच किलोचा, खांदा दुखतो म्हणते. दुकानदाराने सव्वा किलोचा, बिनफॅनचा दाखवला पण यात रॅम नंतर वाढणार नाही म्हणाला. जुन्यात तर आम्ही 4 ची 8 जीबी करून घेतली होती. कंपन्या हे मुद्दाम करतात का?

उत्तर : ताई, थोडं मुद्दाम आहेच पण सगळं नाही. जुन्याचं मागचं झाकण काढलं की रॅमची पट्टी आणि तिला दोन्हीकडून धरणाऱ्या क्लिपा दिसतात बघा, तो सॉकेटच मुळात जाडी खातो. शिवाय हलक्या मशीनमधे बहुतेक वेळा एलपीडीडीआर जातीची रॅम असते, ती कमी व्होल्टेजवर चालते, लॅपटॉप स्लीपमधे ठेवला तरी बॅटरी फार पीत नाही, पण तिचा सिग्नल इतका नाजूक की लांबची वाट आणि सॉकेटचा जोड त्याला झेपत नाही, म्हणून प्रोसेसरच्या शेजारी थेट बोर्डावर सोल्डर. याच जातीची, पण स्क्रूने बसणारी आणि बदलता येणारी एलपीकॅम2 पट्टी निघालीय पण अजून मोजक्याच मॉडेलमधे. तेव्हा 16 जीबी आत्ताच घ्या, नंतर हळहळून उपयोग नाही.

वजन कमी करताना काहीतरी सोडावंच लागतं. 2007 चा आसूसचा ई-पीसी 701 हा छोटा लॅपटॉप किलोच्या आतला होता, त्यात रॅम बदलता यायची, पण स्क्रीन 7 इंची, स्टोरेज 4 जीबी आणि 900 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर कंपनीच 630 वर चालवायची!

मला खरी शंका आहे ती बिनफॅनची. अ‍ॅपलने 2020 मधे एम1 ही एकच चिप मॅकबुक एअर या लॅपटॉपमधे बिनफॅनची आणि मॅकबुक प्रोमधे फॅनसकट दिली, छोट्या कामात दोन्ही सारखेच पळायचे, पण लांबलचक काम लावलं की एअर तापून स्वतःच स्पीड कमी करायचा. त्यात ॲपल स्वतः 35 डिग्रीच्या आतल्या हवेत वापरा म्हणते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी, त्यात लाईट गेलेली असली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. नुसत्या नोट्स आणि कोडिंग असेल तर बिनफॅनचा खुशाल घ्या. कॅड (कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) किंवा सिम्युलेशन असेल तर दीड किलोपर्यंतचा फॅनवाला बघा, आणि तो गादीवर ठेवून वापरू नका म्हणावं, खालची जाळी बंद होते.

प्रश्न : टाइप-सी पिन आहे, मग मोबाईलच्या चार्जरवर लॅपटॉप चालेल का?

उत्तर : पिन बसेल हो, पण लॅपटॉपला बहुतेक 20 व्होल्ट आणि 45 किंवा 65 वॉट लागतात. 18-20 वॉटचा मोबाईल चार्जर लावला तर एकतर चार्जिंगच घेणार नाही, नाहीतर बंद ठेवून रात्रभर हळूहळू भरत बसेल. पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेला 65 वॉटचा घ्या, केबलही तेवढ्या वॉटची घ्या, त्यावर मोबाईलपण चार्ज होतो.