रिसेप्टर म्हणजे ग्राहक की ग्राही?

प्रश्न असा आलाय, की मुलीच्या बारावीच्या, नायट्रिक ऑक्साइड आणि रक्तवाहिन्यांवरच्या प्रोजेक्टचं मराठी करताना अ‍ॅपने रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या संदेश घेणाऱ्या रेणूला, 'ग्राहक' दिलं आणि वाक्य झालं 'रक्तवाहिनीतील ग्राहकांना संदेश मिळतो', हे चालेल का. नाही हो चालणार, मला तर वाचून दिवाळीतला, खरेदीच्या गर्दीचा दादरचा रानडे रोडच दिसला. शब्द आहे 'ग्राही'.

दोन्ही शब्द 'ग्रह्' धातूतलेच, ग्रह् म्हणजे घेणं, पकडणं, त्यामुळे अ‍ॅप अगदीच चुकलं नाही, संस्कृतात ग्राहक म्हणजे नुसता घेणारा. पण मराठीत त्याच्या हातात पाकीट आलं, आणि गिऱ्हाईक हे त्याचंच बोलीतलं रूप, त्याच्या हातात तर पिशवी पण आहे आणि घासाघीस पण. 'ग्राही'ला पैशाचा वास नाही, गुणग्राही माणूस म्हणतो ना आपण, तसं. आयुर्वेदवाले हसतील, कारण त्यांच्याकडे ग्राही म्हणजे सुंठ-जिऱ्यासारखं पातळ शौच बांधणारं औषध. हसू देत.

काही जण 'द्वार' वगैरे सुचवतात, कुलूप-किल्लीची उपमा डोक्यात असते म्हणून, पण नायट्रिक ऑक्साइडपाशी ती उपमा अडते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर अ‍ॅसिटिलकोलिन हा संदेश आणणारा रेणू येऊन बसतो, तिथला ग्राही बाहेरच्या बाजूला असतो, तिथपर्यंत किल्ली ठीक. मग त्या पेशीत कॅल्शियम वाढतं आणि आर्जिनिन ह्या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं, आणि हा वायू, जेमतेम काही सेकंद टिकणारा, दार-बिर बघतच नाही, पेशीच्या पडद्यातून आरपार शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो. त्याचा ग्राही आतच बसलेला, तो स्वतःच एक एन्झाइम, त्यातल्या हीम नावाच्या भागातल्या लोहाला हा चिकटला की सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू बनायला लागतो, कॅल्शियम उतरतं, स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते. आता ह्याला द्वार कसं म्हणायचं? ग्राही म्हणजे घेणारा, आत बसो नाहीतर बाहेर.

अस्तराचं हे काम रॉबर्ट फर्चगॉट ह्या औषधशास्त्रज्ञाने १९८० मध्ये दाखवलं, सशाच्या महाधमनीचं अस्तर घासून काढलं की अ‍ॅसिटिलकोलिनने ती सैल पडायची सोडून उलटी आवळायची. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल त्याला, इग्नारो आणि मुराद ह्यांच्यासोबत मिळालं.

'नस' हा शब्द मात्र प्रोजेक्टमध्ये नको. आमच्या बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी, ती गोळी शरीरात गेल्यावर हेच नायट्रिक ऑक्साइड सुटतं. एकदा दादरच्या पुलावर अर्ध्या जिन्यात थांबले, गोळी जिभेखाली ठेवली, मी दंड धरून उभा, मागून लोकांचं 'चला चला' चालू, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "नस मोकळी झाली रे, पण आता डोकं धरलं." डोकं धरलं कारण डोक्यातल्या वाहिन्याही रुंदावतात. बाबांची नस म्हणजे धमनी, पण आईची 'मानेची नस दबली' तेव्हा ती मज्जातंतू होती, घरात कळतं, परीक्षकाला कळेल असं नाही. रक्तवाहिनी लिहा.

सिग्नलिंगला 'संदेशवहन' छान आहे. 'संकेत' मला नाही आवडत, त्यात आधी ठरवून भेटल्याचा भाव आहे, आणि नुसतं सिग्नल म्हटलं की आपली गाडी कुर्ल्याच्या बाहेर उभी. अजून एक, घाईत 'नायट्रस' लिहू नका, तो दातांच्या डॉक्टरकडचा हसवणारा वायू, वेगळाच.

तर वाक्य असं करा: 'नायट्रिक ऑक्साइड स्नायूपेशीतल्या ग्राहीला चिकटतं आणि रक्तवाहिनी सैलावते.' बाईंना सैलावते फार घरगुती वाटलं तर 'शिथिल होते' करा, पण मी असतो तर सैलावतेच ठेवलं असतं.