ऑफर लेटरवरचं ‘कॉर्क’ नेमकं कुठलं?

ताई, आयर्लंडमधल्या बँट्री गावच्या नर्सिंग होमची (म्हणजे इथे वृद्धांची काळजी घेणारं केंद्र) ऑफर आलीय आणि ‘कॉर्क म्हणजे शहरच ना, यांना आयटीत नोकरी मिळेल ना’ असं तुम्ही विचारलंय. ऑफर लेटरवरचा एअरकोड (इथला पिनकोड) आधी नकाशात टाकून बघा. कॉर्क नावाचं शहर आहे, तशीच काउंटीही, म्हणजे जिल्हा. ही आयर्लंडची सगळ्यात मोठी काउंटी आहे, सुमारे 7,500 चौरस किलोमीटर. म्हणजे जवळजवळ तुमच्या कोल्हापूर जिल्ह्याएवढी, पण शहर धरूनही 2022 च्या जनगणनेत माणसं पावणेसहा लाखांच्या आसपास.

शहराभोवतीच्या बॅलिनकॉलिग, कॅरिगालाइनमध्ये आपली माणसं भेटतात. ॲपल शहराच्या हॉलीहिल भागात, औषध कंपन्या रिंगास्किडीला. मिडलटन, कोव्ह आणि मॅलोला रेल्वे आहे, त्यामुळे तिथे राहून शहरात नोकरी जमते. उत्तरेकडे मॅलो, फरमॉय, मिचेल्सटाउन हा गायी-दुधाचा पट्टा. वसंतात शेतात स्लरी (शेणाचं पातळ खत) पसरली की खिडक्या लावूनच घ्याव्या लागतात.

बँट्री मात्र पश्चिम टोकाला, शहरापासून दीड तासावर. तिकडची रेल्वे 1961 मध्येच बंद पडली. बस आहे, पण नाइट ड्यूटीच्या वेळांशी तिचं काही देणंघेणं नाही. गाडी लागणारच. आपलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. थिअरी टेस्टपासून सगळं नव्याने, आणि लर्नर परमिटवर शेजारी पक्कं लायसन्सवाला बसल्याशिवाय गाडी काढता येत नाही. हे सोपं नाही, आधीच धरून चाला.

जागा मात्र सुंदर आहे. शुक्रवारी चौकात बाजार भरतो, तिथे चीजवाला, कोंबड्यांची पिल्लं विकणारा आणि इथे स्थायिक झालेले जर्मन-डच लोक एकाच गर्दीत दिसतात. अरुंद रस्त्यावर समोरून येणारा अनोळखी माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट वर करून नमस्कार करतो. तुम्हीही करायचा, नाहीतर शिष्ट ठराल. घरं मात्र मिळत नाहीत. उन्हाळ्यात बरीचशी पर्यटकांकडे जातात, म्हणून ‘मे महिन्यापर्यंतच’ असा भाडेकरार आला तर सही करू नका.

बँट्रीत सरकारी हॉस्पिटल आहे, पण बाळंतपणासाठी अख्ख्या काउंटीला शहराच्या विल्टन भागातलं प्रसूती रुग्णालय गाठावं लागतं. मुलांच्या शाळेची धास्ती नको. बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या असल्या तरी 2018 च्या कायद्यानंतर बाप्तिस्म्याच्या नावाखाली प्रवेश नाकारता येत नाही.

यजमानांना घरून काम करता येणार असेल तर बँट्री घ्या. त्यांना रोज ऑफिसला जावं लागणार असेल तर मॅलो किंवा मिडलटनजवळची जागा शोधा. नर्सला क्रिटिकल स्किल्स परमिट (टंचाई असलेल्या कामांसाठीचा नोकरीचा परवाना) मिळतं, आणि त्यावर जोडीदाराला वेगळं परमिट न काढता नोकरी करता येते. आणि होकार कळवण्याआधी एवढं लेखी मागून घ्या: पहिल्या महिन्याची राहण्याची सोय कोण करणार, आणि गाडी येईपर्यंत नाइट ड्यूटी लावणार का.