विश्वासाला विरोध होतो तेव्हा बोलावे की गप्प राहावे?

प्रश्न : मी एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. मी ख्रिस्ती असून नियमित उपासनेला जाते, यावरून जेवणाच्या सुट्टीत दोन सहकारी टोमणे मारतात. अलीकडे प्रवासखर्चाचे एक खोटे बिल पुढे पाठवण्यास मी नकार दिला; तेव्हापासून मला कामाच्या बैठकांनाही बोलावले जात नाही. हे निमूटपणे सोसावे की उत्तर द्यावे? वरिष्ठांकडे तक्रार केली, तर ते क्षमेच्या शिकवणीविरुद्ध ठरेल का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. टोमण्यांचा त्रास तुमच्या मनाला होतो, तर बैठकांतून वगळल्यामुळे तुमच्या कामावरच परिणाम होतो. दोन्हींना एकच उत्तर लागू पडणार नाही.

आधी टोमण्यांविषयी. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास तयार असा, पण ते सौम्यतेने व आदराने द्या, असे येशूचा शिष्य पेत्र याने बायबलमधील आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे. ज्यांची निंदा होत होती अशा विश्वासणाऱ्यांनाच त्याने हे लिहिले. त्यात ‘विचारणाऱ्या’ माणसाचा उल्लेख आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. चारचौघांत हशा पिकवण्यासाठी टाकलेला शेरा हा प्रश्न नसतो, आणि तो हसून सोडून दिल्याने आपल्या साक्षीत, म्हणजे वागण्या-बोलण्यातून विश्वास दाखवण्यात, काही उणे येत नाही. मात्र त्याच दोघांपैकी एखादा कधी एकटा भेटून ‘तुम्ही ते बिल का अडवले?’ असे विचारील, तर दोन वाक्यांत खरे कारण सांगा आणि थांबा. अटकेनंतर गालीलचा शासक हेरोद याने पुष्कळ प्रश्न विचारूनही प्रभू येशूने त्याला काहीच उत्तर दिले नाही. निकदेम हा यहूदी धर्मपुढारी रात्री भेटायला आला, तेव्हा मात्र त्याच्याशी सविस्तर संभाषण केले.

याच पत्राच्या चौथ्या अध्यायात पेत्राने एक कठोर गोष्टही सांगितली आहे : दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ केल्यामुळे कोणावर दुःख ओढवू नये. म्हणून नकार देताना आपला सूर कसा होता, हे प्रामाणिकपणे आठवून पाहा. ‘हे बिल मला पुढे पाठवता येणार नाही’ एवढेच म्हटले असेल, तर तुमचे काहीच चुकलेले नाही. त्या सहकाऱ्याला सर्वांसमक्ष उपदेश केला असेल, तर नकारावर ठाम राहूनही तेवढ्यापुरती क्षमा मागता येते, आणि ती मागावी.

आता तक्रारीविषयी. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण पुष्कळ जण ‘अन्यायाविषयी बोलायचेच नाही’ अशी समजतात. परंतु महायाजकासमोर, म्हणजे यहूद्यांच्या मुख्य धर्मगुरूसमोर, एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा स्वतः येशूने त्याला विचारले की, मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? त्यात शिवी नव्हती, सूडही नव्हता. पण अन्यायाला अन्याय म्हटलेले होते. फिलिप्पै या नगरात चौकशीविना फटके मारून येशूचा प्रेषित पौल व त्याचा सोबती सीला यांना तुरुंगात टाकण्यात आले. त्याच रात्री पौलाने आत्मघात करू पाहणाऱ्या बंदिशाळेच्या नायकाला वाचवले आणि दुसऱ्या दिवशी, गुपचूप निघून जा असा निरोप आला असता, आपण रोमी नागरिक असल्याचे सांगून अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असा आग्रह धरला. एकाच माणसाने काही तासांच्या अंतराने करुणाही दाखवली आणि हक्कही मागितला. तेव्हा तक्रार करणे क्षमेच्या आड येते, असे मला मुळीच वाटत नाही.

मात्र आधी संबंधित व्यक्तीशी एकांतात बोला; बायबलमधील मत्तयाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात बंधूच्या अपराधाबाबत सांगितलेला हा क्रम येथेही उपयोगी आहे. त्याने काही साधले नाही, तर लेखी अर्ज द्या. त्यात कोणत्या तारखेच्या, कोणत्या बैठकीला बोलावले नाही आणि त्यामुळे कोणते काम अडले, एवढेच लिहा. टोमण्यांचा उल्लेख त्यात सध्या नको, कारण त्यामुळे मूळ मुद्दा बाजूला पडण्याची शक्यता आहे. अर्ज लिहिल्यावर एक रात्र जाऊ द्या आणि देण्यापूर्वी तुमच्या चर्चच्या मंडळीतील एखाद्या अनुभवी, मितभाषी व्यक्तीला तो वाचून दाखवा. रागाच्या भरात लिहिलेली वाक्ये आपल्याआधी दुसऱ्याला दिसतात.