स्वस्तातला रिसिव्हर घेताना काय बघू?

प्रश्न: हॉल १२ बाय १४, जुने ६ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचं माप) पाच स्पीकर आणि सबवूफर (खोल, जड आवाजाचा स्पीकर) आहेत, कमी पैशात रिसिव्हर (टीव्हीचा आवाज वाढवून स्पीकरना देणारा डबा) कसा निवडू? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: दादा, सात-नऊ चॅनलच्या (एक चॅनल म्हणजे एका स्पीकरची लाइन) मागे लागू नका, तुमच्या हॉलला ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, भरपूर झालं. बॉक्सवरचा वॉटचा मोठा आकडा बघून भुलू नका, तो बऱ्याचदा एकच चॅनल चालवून १ किलोहर्ट्झला, म्हणजे एकाच सुरावर, मोजलेला असतो, दोन चॅनल चालवून २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा (कानाला ऐकू येणारा सगळा पट्टा) आकडा असेल तो धरा. ६ ओहम चालतात का ते मागे टर्मिनलपाशी (स्पीकरच्या वायरी जोडतात तिथे) छापलेलं असतं, वाचूनच पैसे द्या. एचडीएमआय आर्क (त्याच एचडीएमआय केबलमधून टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे आणणारी सोय) हवंच. आणि आपला पावसाळा! बंद कपाटात ठेवू नका हो, वर वीतभर जागा सोडा, माझ्या जुन्या रिसिव्हरच्या टर्मिनलवर हिरवा थर धरलेला.