हनुवटी डावीकडे सरकतेय, नुसत्या तारांनी भागेल का?

प्रश्न : माझी मुलगी 18 वर्षांची आहे, एफवायबीकॉमला शिकते. नववीत असल्यापासून तिची हनुवटी हळूहळू डावीकडे सरकतेय. आता तर फोटोत लगेच लक्षात येतं. दाढा नीट जुळत नसल्यामुळे पोळी-भाकरी चावायलाही वेळ लागतो. घराजवळच्या एका दवाखान्यात ‘तारा लावू, वर्षभरात सरळ होईल’ असं सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी जबड्याचं ऑपरेशन सुचवलं. सासूबाई म्हणतात, काय ते लग्नाआधी उरकून घ्या. आम्ही काय करावं? चेहऱ्यावर व्रण राहतील का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला ‘हळूहळू सरकतेय’ हा भाग माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. चेहऱ्याच्या दोन बाजू कोणाच्याच अगदी सारख्या नसतात आणि थोडा फरक असला तर त्याच्या वाटेला जाऊ नये, असं मी आग्रहाने सांगते. पण वर्षागणिक वाढत जाणारा फरक ही निराळी गोष्ट आहे. त्यामुळे मुलीचे आठवीपासूनचे समोरून काढलेले फोटो शोधा. ओळखपत्रावरचे, परीक्षेच्या फॉर्मवरचे, जे सापडतील ते. सेल्फी नकोत. फोन जवळ धरला की चेहऱ्याचं प्रमाण बदलतं, आणि काही फोन डावं-उजवंही उलटं करतात.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतं ते खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक. काही मुलामुलींमध्ये एका बाजूचं टोक वाढायचं थांबतं आणि दुसऱ्या बाजूचं वाढतच राहतं. मग हनुवटी विरुद्ध बाजूला ढकलली जाते. तुमच्या मुलीची हनुवटी डावीकडे जातेय, म्हणून माझा पहिला संशय उजव्या बाजूवर आहे. मात्र ती लहानपणी हनुवटीवर जोरात पडली होती का, टाके पडले होते का, तोंड पूर्ण उघडतं का, हेही डॉक्टरांना सांगा. मार लागलेल्या बाजूची वाढ खुंटली तर हनुवटी त्याच बाजूला झुकते, आणि मग सगळा विचारच बदलतो.

हाड अजून वाढतंय का, हे नुसत्या एक्स-रेवरून सांगता येत नाही. त्यासाठी बोन स्कॅन करतात. हाताच्या शिरेतून टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा अल्पसा डोस देतात आणि दोन-तीन तासांनी कॅमेऱ्याखाली दोन्ही टोकांची तुलना करतात. दोन्हींमधला फरक 10 टक्क्यांहून जास्त असेल तर ती बाजू अजून वाढत असल्याचा संशय धरतात. सोबत दर सहा महिन्यांनी दातांचे साचे आणि फोटो घेऊन ताडून बघायचे. वाढ चालू असताना जबडा सरळ केला तर तो पुन्हा वाकडा होऊ शकतो. म्हणून एकतर वाढ थांबेपर्यंत थांबतात, नाहीतर त्या टोकाचा वरचा थर काढून वाढ थांबवतात.

आता तारांबद्दल. तारांनी दात हलतात, 18व्या वर्षी जबड्याचं हाड हलत नाही. चावताना दात अडतात म्हणून जबडा घसरून बाजूला जातो, अशीही काही मुलं असतात. त्यांना तारांचा खरोखर उपयोग होतो. पण तुमच्या मुलीचं तसं असेल असं मला पत्रावरून वाटत नाही. जबडा वाकडा वाढताना दात त्याच्याशी जुळवून घेतात. एका बाजूच्या दाढा आत कलतात, दुसरीकडच्या बाहेर. वरचा जबडाही एका बाजूला खाली उतरू शकतो. आइस्क्रीमची लाकडी काडी दोन्हीकडच्या दाढांमध्ये आडवी धरायला सांगा आणि समोरून बघा. काडी डोळ्यांच्या रेषेला समांतर नसेल तर वरचा जबडाही तिरपा आहे. नुसत्या तारांच्या उपचारात दात आणखी कलते करून चावा जुळवतात, हनुवटी तिथेच राहते. ऑपरेशनसाठी तारा लावताना नेमकं उलटं करायचं असतं : कललेले दात हाडावर सरळ उभे करायचे. त्यामुळे पहिलं वर्ष-दीड वर्ष चावा आणि चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. हे मुलीला आधीच सांगा, नाहीतर ती घाबरेल. आणि म्हणूनच ‘आधी तारा लावून बघू, नाही जमलं तर ऑपरेशन’ या हिशेबाला माझा ठाम विरोध आहे. एका दिशेला नेलेले दात परत उलट्या दिशेला आणताना मुळांना आणि हिरड्यांना त्रास होतो, आणि वर्षं फुकट जातात.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन करतात. खालच्या जबड्यासाठी आजही वापरली जाणारी पद्धत ह्यूगो ओब्वेगेझर या सर्जनने 1950च्या दशकात विकसित केली. काप तोंडाच्या आतून घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाहीत. स्क्रू बसवण्यासाठी कधीकधी गालावर बारीक छेद द्यावा लागतो, इतकंच. हाड ठरलेल्या जागी आणून टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. नंतर सूज बरीच येते. काही आठवडे मुगाचं कढण, नाचणीची आंबील, मग गुरगुट्या भात, यावरच भागवावं लागतं. वजन उतरतं. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परत येते, काहींना थोडा बधिरपणा कायमचा राहतो. सही करण्याआधी सर्जनशी या गोष्टीवर सविस्तर बोला.

ऑपरेशननंतर पुन्हा काही महिने तारा असतात, म्हणजे एकूण दोन वर्षं तरी धरून चाला. सासूबाईंची काळजी मला कळते, पण लग्नाच्या तारखेवरून ऑपरेशनची तारीख ठरवू नका. पत्रात मुलीला स्वतःला काय वाटतं हे कुठेच आलेलं नाही. तिला चावायचा त्रास जास्त आहे, की फोटोचा? की दोन्हींचं तिला काही वाटत नाही? ती सज्ञान आहे, संमतीपत्रावर तिचीच सही लागेल. तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.

खर्चाची अडचण असेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील या दंत महाविद्यालयांत चौकशी करा. तिथे तारांचा आणि जबड्याच्या ऑपरेशनचा, असे दोन्ही विभाग एकाच छताखाली आहेत. विम्यात दातांचे आणि सौंदर्याचे उपचार बहुधा वगळलेले असतात, तेव्हा चावण्याची अडचण कागदोपत्री नोंदवून विमा कंपनीला आधीच लेखी विचारा. कुठेही गेलात तरी ऑर्थोडोंटिस्ट (तारा लावणारे दंततज्ज्ञ) आणि सर्जन या दोघांनी एकत्र बसून मुलीला तपासलेलं असावं. त्यांची योजना एका कागदावर लिहून घ्या, मगच तारा लावायला होकार द्या.